स्टीव्ह डाल्कोव्स्की

स्टीव्ह डाल्कोव्स्की (३ जून, १९३९ – १९ एप्रिल, २०२०) हे अमेरिकन बेसबॉल खेळाडू होते. ते डाव्या हाताने चेंडू टाकणारे पिचर होते. बेसबॉलच्या इतिहासातील सर्वाधिक वेगवान पिचरांमध्ये त्यांची गणना केली जाते. मात्र मेजर लीग या सर्वोच्च स्तरावर त्यांना एकही सामना खेळता आला नाही. त्यांची संपूर्ण कारकीर्द मायनर लीग या दुय्यम स्तरावरील स्पर्धांमध्ये गेली.

प्रारंभिक जीवन

डाल्कोव्स्की यांचा जन्म कनेक्टिकट राज्यातील न्यू ब्रिटन येथे झाला. शालेय शिक्षण पूर्ण होताच १९५७ मध्ये बॉल्टिमोर ओरिओल्स या संघाने त्यांना करारबद्ध केले.

कारकीर्द

पिचरने फलंदाजाला तीन स्ट्राइकमध्ये बाद केल्यास त्यास स्ट्राइकआउट म्हणतात. चार चेंडू निर्धारित क्षेत्राबाहेर गेल्यास फलंदाजाला पहिला बेस आपोआप मिळतो, त्यास वॉक म्हणतात. डाल्कोव्स्की यांच्या कारकिर्दीत या दोहोंचे प्रमाण जवळजवळ समान राहिले. १९५७ मध्ये टेनेसीतील किंग्जपोर्ट संघाकडून ६२ डावांत त्यांनी १२१ स्ट्राइकआउट मिळवले आणि १२९ वॉक दिले. १९६० मध्ये कॅलिफोर्नियातील स्टॉकटन संघाकडून १७० डावांत दोन्हींची संख्या २६२ होती.

त्या काळी वेग मोजणारी रडार बंदूक मैदानावर वापरली जात नसे. १९५८ मध्ये ॲबरडीन येथील लष्करी चाचणी केंद्रात त्यांचा वेग ताशी ९३.५ मैल (सुमारे १५० किमी) नोंदवला गेला. मात्र आदल्याच दिवशी ते सामना खेळले होते, तेथे पिचरचा उंचवटा नव्हता आणि यंत्राच्या कक्षेतून चेंडू जाण्यापूर्वी त्यांना बराच वेळ चेंडू टाकत राहावे लागले. त्यामुळे हा आकडा त्यांच्या खऱ्या वेगाचा निदर्शक मानला जात नाही.

१९६२ मध्ये न्यू यॉर्क राज्यातील एल्मायरा संघाचे व्यवस्थापक अर्ल वीव्हर यांनी त्यांना मोजकेच प्रकार वापरण्याचा आणि चेंडू प्लेटच्या मध्यावर टाकण्याचा सोपा सल्ला दिला. त्या हंगामात १६० डावांत १९२ स्ट्राइकआउटच्या तुलनेत त्यांनी केवळ ११४ वॉक दिले.

दुखापत

१९६३ च्या वसंतकालीन सराव सत्रात ओरिओल्सच्या मुख्य संघातील त्यांची निवड जवळपास निश्चित झाली होती. न्यू यॉर्क यँकीजविरुद्धच्या सराव सामन्यात त्यांच्या डाव्या कोपराला दुखापत झाली. त्यानंतर ते काही हंगाम मायनर लीगमध्ये खेळले, परंतु पूर्वीचा वेग परत आला नाही.

उत्तरायुष्य

निवृत्तीनंतर त्यांनी कॅलिफोर्नियात शेतमजूर म्हणून काम केले. दीर्घकालीन मद्यासक्तीमुळे त्यांची स्मरणशक्ती क्षीण झाली. १९९० च्या दशकात बहिणीने त्यांना न्यू ब्रिटन येथे परत आणले व तेथील शुश्रूषागृहात त्यांनी उर्वरित आयुष्य व्यतीत केले. कोविड-१९ संसर्गातील गुंतागुंतीमुळे वयाच्या ८० व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

वारसा

१९८८ मधील 'बुल डरहॅम' या चित्रपटातील 'न्यूक' लालूश हे पात्र काही अंशी डाल्कोव्स्की यांच्यावर बेतलेले आहे. दिग्दर्शक रॉन शेल्टन हे स्वतः ओरिओल्सच्या मायनर लीग संघांतून खेळले होते व तेथे त्यांनी डाल्कोव्स्की यांच्या आख्यायिका ऐकल्या होत्या. २००९ मध्ये 'बेसबॉल रेलिक्वरी' या संस्थेने आपल्या सन्मानसूचीत त्यांचा समावेश केला.