ठिणगी आणि हीटर

गॉटलीब डाइमलरच्या पहिल्या पेट्रोल इंजिनात स्पार्क प्लग नव्हता. १८८३ साली त्यानं पेटंट घेतलं ते तापत्या नळीचं. सिलिंडरला जोडलेली, एका टोकाला बंद असलेली बारीक नळी आणि तिला बाहेरून लालबुंद ठेवणारा बर्नर. पिस्टननं दाबलेलं मिश्रण नळीत शिरलं की पेट घ्यायचं. तापलेल्या धातूची ही युक्ती आज आपण डिझेलच्या खात्यावर मांडतो, पण मोटारीत ती आधी आली पेट्रोलसाठी. कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी आयुष्यभर दोन्ही जातींची इंजिनं खोलली, आणि हाताखालच्या प्रत्येक पोराला आधी हा इतिहास सांगितला. तो कळला की पेट्रोलचा स्पार्क प्लग आणि डिझेलचा ग्लो प्लग यांच्यातला गोंधळ उरत नाही.

त्याआधीची ऑटो या जर्मन संशोधकाची इंजिनं उघड्या ज्योतीवर पेटत आणि मिनिटाला दोनशे फेऱ्यांच्या आतच अडकत. डाइमलरचं इंजिन नळीच्या जोरावर सहाशेपर्यंत गेलं. पण पेट कधी घ्यायचा, हे ठरवणार नळी! चालवणाऱ्याच्या हातात काही नाही. शिवाय पेट्रोलच्या शेजारी पेटता बर्नर घेऊन फिरायचं.

कार्ल बेंझनं १८८६च्या तीनचाकीत बॅटरी, कॉइल आणि ठिणगी हा मार्ग धरला. त्याची बायको बर्था १८८८च्या ऑगस्टमध्ये मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाली, तेव्हा वाटेत प्रज्वलनाची तार घासून उघडी पडली. तिनं मोज्याचा पट्टा गुंडाळून ती झाकली, असं सांगतात. पुढे श्टुटगार्टला रॉबर्ट बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्डनं १९०२ मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीचा स्पार्क प्लग सिद्ध केला. बॅटरीवाचून जोरकस ठिणगी मिळाली, ती हवी तेव्हा पाडता येऊ लागली, आणि तापत्या नळीचे दिवस भरले.

स्पार्क प्लगइतका बोलका पार्ट दुसरा नाही. चिनी मातीच्या आवरणातून हजारो व्होल्ट खाली येतात आणि अर्ध्या-पाऊण मिलिमीटरच्या फटीत उडी मारतात, इंजिन चालू आहे तोवर अखंड. प्लग काढून तोंड पाहावं. बदामी असेल तर सगळं ठीक, कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय, तेलकट ओलं असेल तर ऑइल वर चढतंय. टू-स्ट्रोक चेतकच्या काळात डिकीत जादा प्लग, प्लगपाना आणि पॉलिश पेपरचा तुकडा ठेवल्याशिवाय कोणी गावाबाहेर पडत नसे.

रुडॉल्फ डिझेलचा मार्गच वेगळा. हवा इतकी दाबायची की ती आपणच पाचशे अंशांच्या वर तापावी, मग तिच्यात इंधन सोडायचं. १८९७ साली आउग्सबुर्गला त्याचं इंजिन यशस्वी झालं. ना ज्योत, ना ठिणगी. आपल्या विहिरींवरची किर्लोस्कर इंजिनं याच तत्त्वाची. डीकॉम्प्रेशनचा खटका उचलायचा, हँडल मारून फ्लायव्हीलला गती द्यायची, खटका सोडला की इंजिन धडधडू लागे.

अडचण आली ती डिझेल मोटारीत बसवताना. छोट्या, वेगवान इंजिनासाठी प्रॉस्पर लोरांजनं १९०९ मध्ये काढलेली प्रीचेंबरची रचना सोयीची ठरली. इंधन आधी एका लहान कप्प्यात पेटतं, त्यामुळे ठोका मऊ होतो. पण थंडीत त्या कप्प्याच्या भिंती हवेतली उष्णता शोषून घेतात आणि डिझेल पेटतच नाही. म्हणून १९३६च्या मर्सिडीज २६० डी या डिझेल मोटारीत प्रत्येक कप्प्यात ग्लो प्लग आला, आपल्या गॅरेजच्या भाषेत हीटर. जुने हीटर तापायला मिनिटभर घेत. जर्मन ड्रायव्हर त्या मिनिटाला रुडॉल्फ डिझेलच्या स्मरणाचं मिनिट म्हणायचे.

मर्सिडीजचं ओएम ६१६ इंजिन आकुर्डीच्या बजाज टेम्पोनं बनवलं आणि ते ट्रॅक्समधून आपल्या घाटवाटांवर आलं. डिसेंबरात पन्हाळ्यावर रात्रभर उभी राहिलेली ट्रॅक्स हीटर दिल्याशिवाय सेल्फ घ्यायची नाही. या घराण्याच्या जुन्या जर्मन इंजिनांत तर चारही हीटर एका माळेत जोडलेले असत. एकाची तार तुटली की चारही थंड.

आता नेमका फरक. चालू पेट्रोल गाडीच्या प्लगांच्या वायरी ओढा, इंजिन तत्क्षणी बंद. चालू, गरम डिझेलच्या हीटरची वायर काढा, त्याला पत्ताही लागणार नाही. हीटर कप्पा तापवून देतो, पेटवण्याचं काम दाबलेल्या हवेचंच. आजच्या कॉमन रेल इंजिनात तो काही सेकंदांत तापतो आणि धूर कमी व्हावा म्हणून चालू झाल्यावरही थोडा वेळ जळत राहतो, एवढंच.

म्हणून डिझेलवाल्यांना हात जोडून सांगतो. सकाळी गाडी पांढरा धूर टाकत नुसती घरघरत असेल तर सेल्फ मारत बसू नका. हीटरची वायर सोडवा, टेस्ट लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या प्लसला लावा आणि टोक हीटरवर टेकवा. दिवा लागला नाही तो हीटर बदला. आणि हीटर असलेल्या इंजिनाला इथरचा स्प्रे किंवा पेट्रोलचा बोळा दाखवू नका. लाल झालेल्या टोकावर ती वाफ भलत्याच वेळी पेटते आणि पिस्टन फुटतो.