अमळनेरचा भुईमूग आणि संगणकाचे सुटे भाग

महंमद हाशम प्रेमजी यांनी 29 डिसेंबर 1945 रोजी अमळनेर येथे ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी स्थापन केली, तेव्हा तिचे मुख्य उत्पादन वनस्पती तूप, म्हणजे हायड्रोजनच्या प्रक्रियेने थिजवलेले खाद्यतेल, हे होते आणि त्यासाठी लागणारा भुईमूग खानदेशच्या शिवारात पिकत होता. कारखान्याची खरेदी मंदावली, तरी तोच शेंगदाणा दुसऱ्या तेलघाण्याकडे किंवा थेट बाजारात जाऊ शकत असे. पुरवठादाराची ही मोकळीक या कंपनीच्या पुढच्या व्यवसायात कोणालाच उरली नाही.

1977 नंतर आयबीएमने भारतातून काढता पाय घेतल्यावर, अझीम प्रेमजी यांच्या नेतृत्वाखाली ‘विप्रो’ या नावाने ओळखल्या जाऊ लागलेल्या याच कंपनीने 1980च्या दशकात संगणकनिर्मितीत पाऊल टाकले. निर्मिती म्हणजे येथे बहुतांशी जोडणी होती. प्रोसेसर, स्मृतिचिप, हार्ड डिस्क हे महत्त्वाचे सुटे भाग परदेशांतूनच येत.

स्मार्टफोन आणि टॅब्लेट यांच्या प्रसाराने 2012पासून वैयक्तिक संगणकांची जागतिक विक्री घटू लागली आणि 2013मध्ये ती सुमारे 10 टक्क्यांनी खाली आली. सुट्या भागांच्या उत्पादकाला अशी घट दुहेरी सोसावी लागते, कारण जोडणी करणारी कंपनी आधी गोदामातला साठा संपवते, त्यामुळे नवी मागणी विक्रीपेक्षाही वेगाने आटते. शिवाय चिपच्या कारखान्यातील भांडवल इतके प्रचंड असते की यंत्रे थांबवणे परवडत नाही आणि चालू ठेवल्यास भाव आणखी कोसळतात. स्मृतिचिप बनवणाऱ्या जपानच्या ‘एल्पिडा’ने फेब्रुवारी 2012मध्ये दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला, त्यामागे चढा येन होता तसेच हे पडलेले भावही होते, पुढच्या वर्षी ती अमेरिकी ‘मायक्रॉन’च्या ताब्यात गेली. जानेवारी 2013मध्ये इंटेलनेही डेस्कटॉप संगणकांसाठीचे मदरबोर्ड, म्हणजे सर्व भागांना जोडणारे मूळ फलक, बनवणे टप्प्याटप्प्याने थांबवण्याचे जाहीर केले.

विप्रोला मात्र बाहेर पडणे तुलनेने सोपे गेले, कारण तिची मुख्य मिळकत तोवर सॉफ्टवेअर सेवांतून येत होती आणि जोडणीच्या धंद्यात तिचे भांडवल फारसे अडकलेले नव्हते. भारतात सुट्या भागांचा उद्योग रुजला नाही, म्हणून या माघारीचा धक्का येथे कमी जाणवला. ही समाधानाची नव्हे, खेदाची बाब मानावी लागते. 2013मध्ये कंपनीने वैयक्तिक संगणकांचे उत्पादन थांबवले, आणि त्याच वर्षी साबणादी ग्राहकोपयोगी वस्तूंचा मूळ व्यवसाय ‘विप्रो एंटरप्रायझेस’ या स्वतंत्र कंपनीकडे सोपवण्यात आला.