क्षिप्रेचे पाणी आणि कारखान्यांचा मळ

उज्जैनच्या उत्तरेस क्षिप्रेच्या पात्रात कालियादेहचा महाल उभा आहे. माळव्याच्या सुलतानांनी तेथे नदीचा प्रवाह दगडी कुंडांतून आणि वळणावळणाच्या पाटांतून खेळवला. वाहत्या पाण्याने उन्हाळ्याचा ताप हरावा, हा त्या रचनेचा हेतू. जहांगीर बादशहाने ही जागा पाहिली होती. पुढे पडझड झालेल्या या महालाचा जीर्णोद्धार माधवराव शिंद्यांनी १९२० साली करविला. मराठ्यांचा आणि या नदीचा संबंध अर्थात त्याहून जुना आहे. अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांच्या अमदानीत त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालेश्वराचे मंदिर नव्याने उभारले, आणि दौलतरावांनी १८१० साली ग्वाल्हेरला राजधानी नेईपर्यंत शिंदेशाहीचा कारभार याच नदीकाठावरून चालला.

या साऱ्या काळात क्षिप्रेला मळ सोसावा लागला नाही असे नव्हे. काठावरच्या भैरवगडचे छिपे पिढ्यान्‌पिढ्या रंगविलेली, छापलेली वस्त्रे धूत आले आहेत. परंतु तो मळ थोडा होता आणि त्या मानाने पाणी पुष्कळ होते. विसाव्या शतकात हे प्रमाण उलटले. उज्जैनला कापडाच्या गिरण्या निघाल्या. १९५४ पासून याच जिल्ह्यात, चंबळेच्या काठी, नागद्याला कृत्रिम धाग्याचे उत्पादन सुरू झाले. इंदूर आणि देवास ही उद्योगनगरे वाढली. उज्जैनच्या जुन्या गिरण्यांचे भोंगे आता थांबले आहेत, पण इंदूरचे सांडपाणी घेऊन येणारी खान नदी, जिला कान्हही म्हणतात, ती उज्जैनच्या वरच्या अंगाला त्रिवेणीपाशी क्षिप्रेला मिळते. क्षिप्रा ही पावसावर जगणारी नदी. उन्हाळ्यात तिच्याजवळ स्वतःचे पाणीच थोडे. दुसऱ्याचा मळ ती कोठवर पातळ करणार?

यावर दोन मोठे उपाय झाले. पहिला म्हणजे बाहेरून पाणी आणणे. २०१४ साली नर्मदेचे पाणी उपसून क्षिप्रेच्या उगमाकडे सोडण्यात आले. दुसरा म्हणजे घाण पाणी बाजूला काढणे. २०१६ च्या सिंहस्थापूर्वी खानचे पाणी मोठ्या नळातून शहराला वळसा घालून खाली नेण्याची योजना झाली. ते सोडण्याची जागा कोणती? तर कालियादेहचाच परिसर! पर्वणीच्या स्नानाची सोय झाली, हे खरे. पण वळविलेला मळ नाहीसा होत नाही. तो खालच्या गावांच्या दारी जातो. म्हणून तिसरा उपाय अटळ ठरतो: मळ जेथे उत्पन्न होतो, तेथेच तो पाण्यापासून वेगळा करणे.

वेगळा करण्याची जुनी रीत म्हणजे निवळणे. जड कण तळाशी बसतात. परंतु तेल, चरबी आणि बारीक तंतू बसतच नाहीत. त्यांना खाली बसविण्यापेक्षा वर तरंगविणे सोपे, हा विचार प्रथम खाणकामात आला. विसाव्या शतकाच्या आरंभी ऑस्ट्रेलियातील ब्रोकन हिल येथे बुडबुड्यांच्या साहाय्याने खनिज वेगळे होऊ लागले. १९२० नंतरच्या दशकात उत्तर युरोपातील कागदगिरण्यांनी पाण्यात विरघळविलेल्या हवेचा उपयोग वाहून जाणारे तंतू परत मिळविण्यासाठी केला. तेथे प्रेरणा काटकसरीची होती. नदीचे रक्षण हा हेतू मागाहून जोडला गेला.

या पद्धतीला डिझॉल्व्ह्ड एअर फ्लोटेशन म्हणतात. तिचे तत्त्व सोड्याच्या बाटलीत दिसते. दाबाखाली पाण्यात अधिक वायू विरघळतो; दाब काढताच तो बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो. सांडपाण्यात आधी तुरटीसारखे द्रव्य घालून बारीक कणांचे पुंजके करतात. मग शुद्ध झालेल्या पाण्यापैकी काही भाग दाबाखाली हवेने भरून टाकीत सोडतात. केसाच्या जाडीएवढे किंवा त्याहून बारीक बुडबुडे पुंजक्यांना चिकटतात, मळ वर येतो आणि सायीसारखा काढून घेता येतो.

टाकी किती मोठी हवी, हे मात्र अंदाजाने ठरत नाही. समजा, एका कारखान्याचे सांडपाणी रोज १,००० घनमीटर आहे आणि दर घनमीटरात ५०० ग्रॅम मळ तरंगतो आहे. म्हणजे रोजचा मळ ५०० किलो. चाचणीत एक किलो मळाला २० ग्रॅम हवा पुरते असे आढळले, तर रोज १० किलो हवा लागेल. चार वातावरणांच्या एकूण दाबाखाली भरलेल्या एका घनमीटर पाण्यातून, पाणी २० अंश सेल्सियस असता, सुमारे ७३ ग्रॅम हवा सुटते. ३० अंशांना सुमारे ६१ ग्रॅमच. म्हणून थंडीत १३७ घनमीटर पाणी फिरविणे पुरते, तर माळव्याच्या उन्हाळ्यात १६४ घनमीटर लागते. आता टाकीच्या दर चौरस मीटरवरून तासाला ५ घनमीटर पाणी जाऊ द्यावयाचे ठरविले, तर चोवीस तासांच्या समान प्रवाहाला सुमारे १० चौरस मीटर जागा पुरेल. पण तेच सांडपाणी कारखान्याने आठ तासांत सोडले, तर सुमारे २९ चौरस मीटर हवेत! सरासरीवर विसंबून बांधलेली टाकी नेमकी कामाच्या वेळी तोकडी पडते. यासाठी आधी प्रवाह समान करणारा हौद बांधावा, किंवा टाकीच मोठी करावी.

या पद्धतीची मर्यादाही ध्यानी घेतली पाहिजे. विरघळलेले क्षार तिने निघत नाहीत, आणि वर काढलेल्या मळाची विल्हेवाट शिल्लक राहतेच. तो पुन्हा नाल्यात गेला, तर सारे श्रम व्यर्थ.

जलप्रदूषणाला आळा घालणारा कायदा आपल्या देशात १९७४ साली झाला. कायदा मर्यादा घालून देतो. ती पाळली जाते की नाही, हे कारखान्याच्या आवारातील हौद, पंप आणि त्यांवर देखरेख करणारा माणूस ठरवितो. उज्जैनला पुढचे सिंहस्थ २०२८ साली भरावयाचे आहे. पर्वणीचे दिवस मोजके असतात. नदीकाठच्या गावांना मात्र तेच पाणी वर्षभर वापरावयाचे असते. त्यांच्या घागरीत काय येते, यावरूनच आपल्या सर्व योजनांची परीक्षा व्हावी.