540 फेऱ्यांची गोष्ट: मिनी ट्रॅक्टरला ग्रास कटर बसवण्याआधी



मिनी ट्रॅक्टरच्या मागं ग्रास कटर (कुणी स्लॅशर म्हणतं) लावायचा विषय सध्या वेळापूर, अकलूज, सांगोला भागातल्या डाळिंबवाल्यांत बराच चालतो. अडचण अशी की कटर बऱ्याचदा मोठ्या ट्रॅक्टरच्या मापाचा असतो आणि आपला ट्रॅक्टर लहान. मग वेल्डिंगच्या दुकानात कापाकापी सुरू होते. कापाकापीला माझा विरोध नाही. पण कटरचा कुठला भाग कुणाच्या कुठल्या अडचणीतून आला, हे माहीत असलं तर काय कापायचं आणि कशाला हात लावायचा नाही ते कळतं. म्हणून आज थोडा इतिहास.

गवत कापायची वेळ का आली

रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना 1990 मध्ये आली आणि आपल्या जिल्ह्यातल्या हलक्या, मुरमाड रानात डाळिंब पसरलं. तेव्हा दोन ओळींतनं बैलाचा कुळव फिरायचा. पुढं बैल कमी झाले, खुरपणीला माणूस मिळेना, आणि मिनी ट्रॅक्टरमागं रोटाव्हेटर आला. रान दिसायला झकास, पण डाळिंबाची अन्न घेणारी बारीक मुळं वरच्या थरातच असतात, ती तुटायला लागली. मर रोगाची बुरशी मुळांच्या जखमेतनं आत शिरते, हे आता सगळ्यांना माहीत आहे. तणनाशकाचं म्हणाल तर 2022 मध्ये केंद्र सरकारनं ग्लायफोसेटची फवारणी फक्त कीड नियंत्रण करणाऱ्या परवानाधारकांमार्फतच करायची, असं बंधन घातलं. मग उरतं काय? गवत राहू द्यायचं, वरनं कापायचं आणि तिथंच आच्छादन म्हणून पाडायचं. मुळांना धक्का नाही, मातीही झाकलेली.

गिरणीतनं रानात

हिरवळ कापायचं पहिलं यंत्र शेतात जन्मलंच नाही, ते कापड गिरणीतनं आलं. इंग्लंडमधल्या स्ट्राउड भागात लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. कापडावर आलेली लव कापायला तिथं गोल फिरणाऱ्या पात्यांचं यंत्र वापरत. एडविन बडिंग नावाच्या कारागिरानं ते बघितलं आणि 1830 साली तसंच यंत्र हिरवळ कापायला केलं. सोलापुरात पहिली कापड गिरणी 1877 ची, त्यामुळं गिरणीतलं यंत्र म्हणजे काय हे आपल्या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको.

बडिंगचं यंत्र हिरवळीपुरतं ठीक होतं. काँग्रेस गवत, हराळी, झुडपं त्याला झेपणारी नव्हती. त्यासाठी आडवं पातं जोरात फिरवून गवत झोडपायची पद्धत आली. ट्रॅक्टरमागं ओढायचा असा कटर ‘बुश हॉग’ या नावानं 1951 मध्ये अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या सेल्मा गावी तयार व्हायला लागला. आज आपण स्लॅशर म्हणतो तो त्याच कुळातला.

बेतून घेणं आपल्याकडं जुनंच

हत्यार आपल्या रानाच्या मापाचं करून घेणं ही इथली जुनी रीत. बेळगावात सायकलचं दुकान चालवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आधी कडबा कापायचं यंत्र केलं, मग 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन विषारी होते, असा समज तेव्हा शेतकऱ्यांत होता, त्यामुळं सुरुवातीचे नांगर खपता खपेनात. 1910 मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि पुढं तोच नांगर घरोघर गेला. त्यामुळं गावातला वेल्डर कटरची पट्टी सरकवतो तेव्हा तो काही चुकीचं करत नाही. फक्त खालच्या तीन गोष्टी त्याला माहीत पाहिजेत.

पहिली गोष्ट: तीन टोकांचा जोड

सुरुवातीच्या ट्रॅक्टरांमागं नांगर नुसता साखळीनं ओढायचे. नांगर दगडाला अडकला की ट्रॅक्टरचं तोंड वर उठायचं आणि तो मागं उलटायचा. फोर्डसन ट्रॅक्टर यासाठी बदनामच होता. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसननं खाली दोन आणि वर एक अशा तीन टोकांत अवजार धरलं आणि त्याला हायड्रॉलिकची जोड दिली. 1939 मध्ये फोर्डच्या 9एन ट्रॅक्टरवर हा जोड सगळीकडं पोचला. त्या ट्रॅक्टरची ताकद साधारण आपल्या आजच्या 24-25 एचपीच्या मिनी ट्रॅक्टरएवढीच होती बरं का.

पुढं या जोडाची मापं ठरली. कॅटेगरी 1 मध्ये खालच्या दोन टोकांतलं अंतर 683 मिमी, आणि अरुंद ट्रॅक्टरसाठीच्या 1एन मध्ये 400 मिमी. खालची पिन दोन्हींत 22 मिमीचीच. म्हणून खालचे कान आत घेऊन वेल्ड करणं हा बदल बिनधास्त करा. फक्त दोन्ही कान मधल्या रेषेपासून सारख्या अंतरावर घ्या, आणि आत घेतलेल्या कानामागं तिरकी आधारपट्टी द्या. टॉप लिंकच्या जागी खाचेची पट्टी लावली तर कटर जमिनीच्या उंचसखलपणाप्रमाणं वरखाली होतो, तोही चांगला बदल.

दुसरी गोष्ट: पीटीओच्या फेऱ्या

इंजिनाची ताकद शाफ्टनं मागच्या अवजाराला द्यायची सोय इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीनं 1918 च्या सुमारास बाजारात आणली. मग अडचण अशी झाली की प्रत्येक कंपनीच्या फेऱ्या वेगळ्या. 1920 च्या दशकात अमेरिकेतल्या कृषी अभियंत्यांच्या संस्थेनं माप ठरवलं, आणि त्यातनंच आजच्या मिनिटाला 540 फेऱ्या आल्या.

आपली गफलत इथंच होऊ शकते. जपानी घराण्यातल्या बऱ्याच मिनी ट्रॅक्टरांना पीटीओच्या दोन-तीन गती असतात आणि वरची गती हजाराच्या पुढं जाते. कटर मात्र 540 साठी बनवलेला. हिशोब करून बघू. चार फुटी कटर, गिअरबॉक्स फेऱ्या जवळपास दुप्पट करणारा. 540 वर पात्याचं टोक ताशी सुमारे 235 किलोमीटरनं फिरतं. एक किलोचं पातं मध्यापासून अर्ध्या मीटरवर असलं तर ते आपल्या बोल्टला जवळपास 600 किलोच्या जोरानं बाहेर ओढतं. तोच कटर 1000 फेऱ्यांवर चालवला तर हा ओढा दुप्पट नाही, साडेतीन पट होतो, म्हणजे दोन टनांच्या वर. बोल्ट तुटला तर पातं कुठं जाईल? समोर ठिबक बसवणारा गडी असंल, नायतर बांधावर खेळणारं पोरगं. म्हणून ट्रॅक्टरच्या पुस्तकात पीटीओची गती बघितल्याशिवाय कटर जोडायचा नाही.

तिसरी गोष्ट: क्लच दाबला तरी न थांबणारा ट्रॅक्टर

त्याच फोर्ड 9एनची एक खोड होती. क्लच एकच, आणि पीटीओ गिअरबॉक्सला बांधलेला. क्लच दाबला की इंजिन सुटायचं, पण मागं फिरणाऱ्या कटरचा वेग शाफ्टवाटे उलटा गिअरबॉक्समध्ये यायचा आणि ट्रॅक्टरला पुढं ढकलत राहायचा. ब्रेक असून कुंपणात! त्यावर उपाय निघाला ओव्हररनिंग क्लचचा. सायकलच्या फ्रीव्हीलसारखंच काम: ट्रॅक्टर कटरला फिरवतो, कटर ट्रॅक्टरला फिरवू शकत नाही.

आपल्याकडंही एकच क्लच असलेले छोटे ट्रॅक्टर आहेत. त्यांच्यामागं जड पात्याचा कटर लावताना शाफ्टवर हा फ्रीव्हील हवाच. डाळिंबाच्या ओळीच्या टोकाला, वळणावर, विहिरीच्या कडेला त्याची किंमत कळते.

दुकानात जाताना खिशात ठेवायची यादी

• कटरची रुंदी: फुटाला साधारण 5 एचपी धरा, तीही पीटीओची. 18 एचपीच्या इंजिनाला पीटीओवर पंधराच्या आसपास मिळतात. म्हणजे तीन फुटी कटर. कटर चाकांच्या बाहेरच्या कडा झाकत नसंल तर चाकं आतल्या मापावर घ्या.

• शाफ्टची लांबी: लिफ्ट पूर्ण वर आणि पूर्ण खाली करून बघा. सगळ्यात जवळच्या स्थितीत आतली नळी तळाला टेकू नये, इंचभर जागा हवी. सगळ्यात लांबच्या स्थितीत नळ्यांची किमान एक तृतीयांश लांबी एकमेकींत राहिली पाहिजे. कापताना आतली-बाहेरची नळी आणि प्लास्टिकचा गार्ड सारखाच कापा. दोन्ही टोकांचे योक एका रेषेत ठेवा.

• शिअर बोल्ट: तो तुटण्यासाठीच असतो. सारखा तुटतो म्हणून हाय टेन्साइल बोल्ट घातला तर पुढच्या दगडाला गिअरबॉक्स जाणार.

• पातं: बिजागरीवर मोकळं झुलणारं पातं वेल्ड करून पक्कं करू नका. दगड लागला की ते मागं दुमडतं, त्यासाठीच ते मोकळं ठेवलेलं असतं. धार लावताना दोन्ही पात्यांचं वजन सारखं ठेवा.

• पुढचं वजन: कटर उचलल्यावर ट्रॅक्टरच्या एकूण वजनाचा किमान पाचवा भाग पुढच्या चाकांवर राहायला हवा. नसंल तर पुढं वजनं लावा.

• गार्ड आणि साखळ्या: शाफ्टचा गार्ड आणि कटरच्या कडेच्या साखळ्या काढायच्या नाहीत. धोतर, ओढणी, साडीचा पदर शाफ्टमध्ये गेला तर मिनिटाला 540 म्हणजे सेकंदाला नऊ वेढे. ओरडायलाही वेळ मिळत नाही.

थोडक्यात, माप बदला, कान सरकवा, रुंदी कमी करा, ते आपल्या रानासाठीच आहे. पण फेऱ्या, फ्रीव्हील, शिअर बोल्ट, झुलतं पातं आणि गार्ड या पाच गोष्टी कुणीतरी नुकसान सोसल्यावर, कुणाचा तरी हात गेल्यावर आलेल्या आहेत. त्यांना गॅस कटर लावू नका.

तुमच्याकडं कुठल्या ट्रॅक्टरला किती फुटी कटर बसवलाय, पीटीओची गती किती, काय बदल केला, ते खाली लिहा. फोटो असंल तर शाफ्टचा टाका, तोही गार्डासकट.