वेगळ्या वसाहतीकडून गावातल्या घराकडे

मंडळी, आज लोणी काळभोरमध्ये बसून आपण घराबद्दल बोलतोय. सोलापूर रस्त्यावरचं हे गाव. पुणं जवळ सरकलं, तशी इथली जागा महागली. मग ज्याला चालता येत नाही किंवा दिसत नाही, त्याला परवडेल असं घर कसं मिळायचं? हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही.

सुरुवात वरोऱ्यापासून करू. १९४९ साली बाबा आमटे आणि साधनाताईंनी तिथे कुष्ठरुग्णांसाठी आनंदवन उभं केलं. जमीन सरकारची, पण खडकाळ. विहीर खणली, निवारे बांधले ते समाजाने दूर लोटलेल्या माणसांनीच. पुढे देशोदेशीचे स्वयंसेवक येऊन बांधकामात राबले. आणि १९६४ मध्ये याच आनंदवनात पंचक्रोशीतल्या मुलांसाठी कॉलेज सुरू झालं. म्हणजे बघा, ज्यांना गावाने बाहेर काढलं, त्यांच्याच दारात गावाची मुलं शिकायला आली.

दुसरं उदाहरण कोल्हापूरचं. नसीमा हुरजूक स्वतः चाकाच्या खुर्चीवर. १९८४ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत 'हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड' ही संस्था काढली. उचगावचं 'घरौंदा' वसतिगृह लोकांच्या देणग्यांतून आणि श्रमांतून उभं राहिलं. इथे पायरीऐवजी उतार आला. अडचण माणसाच्या पायात नसून बांधकामात आहे, हे लोकांना डोळ्यांनी दिसलं.

या कामाचं मोल मोठंच. तरी एक गोष्ट आपण मान्य करायला हवी. घर मिळालं ते बहुधा आपलं गाव सोडून.

कायदा मागून आला. १९९५ च्या कायद्याने घरासाठी सवलतीत जमीन देण्याची योजना करायला सांगितलं. २०१६ च्या कायद्याने सरकारी घरकुल योजनांत ५ टक्के आरक्षण ठेवलं, त्यातही दिव्यांग महिलांना प्राधान्य. शिवाय महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे आहेत.

पण आरक्षणाने घराची चावी मिळते. दारापर्यंतचा उतार, हाताशी येणारी कडी, संडासातला आधाराचा दांडा आपोआप मिळत नाही. त्यासाठी पंचायत, संस्था, गवंडी आणि शेजारी यांना एकत्र यावं लागतं. आणि घर ज्याचं, त्याला आधी विचारावं लागतं.

वरोऱ्याने आणि कोल्हापूरने वेगळी जागा घेऊन हे केलं. आपल्याला ते आपल्याच आळीत करायचंय. पुढच्या ग्रामसभेत त्या ५ टक्क्यांचा हिशोब विचारू, तिथून सुरुवात होईल.