गोवन क्रेझी

गोवन क्रेझी : गोव्यातील गायक, गीतकार व संगीतकार रेमो फर्नांडिस (जन्म ८ मे १९५३) यांचा स्वतःच्या नावावरील पहिला आल्बम. १९८४ मध्ये कॅसेटच्या रूपात प्रसिद्ध. गाणी इंग्रजी. बारदेश तालुक्यातील शिवोली येथील राहत्या घरी चार-ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर ध्वनिमुद्रित. गीते, चाली, गायन, सगळी वाद्ये, ध्वनिमुद्रण आणि मिश्रण ही कामे फर्नांडिस यांनी एकट्याने केली आणि कॅसेटी दुकानांत पोहोचवण्याचे कामही स्वतःच केले. कंपनीच्या आधाराशिवाय भारतात निघालेल्या इंग्रजी पॉपच्या सुरुवातीच्या मोजक्या आल्बमांत त्याची गणना होते.

पार्श्वभूमी : फर्नांडिस यांचा जन्म पणजीचा, घर शिवोलीचे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा पोर्तुगीज अमलातून मुक्त झाला तेव्हा ते आठ वर्षांचे होते. पोर्तुगीज गाणी, चर्चमधले समूहगान, मांडो आणि दुलपद या कोकणी गीतप्रकारांतली गाणी हे त्यांच्या बालपणाचे सूर. रॉक अँड रोलच्या तबकड्याही त्यांच्या घरी लवकर आल्या आणि त्यापुढे बीटल्सचा काळ सुरू झाला. हे सगळे त्यांच्या पिढीतल्या पुष्कळ गोवेकर मुलांच्या वाट्याला आले होते.

गोव्यात गिटार परकी नाही, ही गोष्ट हा आल्बम ऐकताना ध्यानात ठेवावी लागते. चर्चशी जोडलेल्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवण्याची परंपरा तिथे काही शतकांची आहे. मांडोच्या साथीला व्हायोलिन आणि घुमट हे मातीचे तालवाद्य एकत्र वाजतात, तियात्र या कोकणी नाट्यप्रकारात रंगमंचासमोर वाद्यवृंद बसतो. याच शिक्षणाच्या बळावर सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट असे वादक आणि संयोजक मुंबईच्या चित्रपटसंगीतात गेले आणि त्यांनी त्याचा नाद घडवला. ख्रिस पेरी आणि लॉर्ना यांनी जॅझच्या अंगाने कोकणी गाणे लोकप्रिय केले. म्हणजे पाश्चात्त्य वाद्यावर आपले गाणे बांधण्याची सवय गोव्याला जुनीच होती. फरक इतकाच, की तिचा मोबदला मिळवायला कलावंताला गोवा सोडून मुंबईला जावे लागे.

फर्नांडिसही मुंबईला गेले, पण शिकायला. सर ज. जी. वास्तुकला महाविद्यालयात शिकत असताना ते ‘द सॅव्हेजेस’ या तिथल्या नावाजलेल्या बीट गटात वाजवत. १९७०-७१ च्या ‘सिमला बीट’ स्पर्धांनी देशभरातल्या अशा गटांना एक व्यासपीठ मिळवून दिले होते आणि विजेत्यांच्या तबकड्याही निघाल्या होत्या. तरी हॉटेलांत व महाविद्यालयांत मागणी असे ती परदेशी गाण्यांची. गाणे मूळच्या जितके जवळ जाई तितकी वाहवा. स्वतःचे गाणे लिहिणाऱ्याची या व्यवहारात कुचंबणा होई. पुढे १९७७ ते १९८० या काळात फर्नांडिस युरोप आणि उत्तर आफ्रिकेत मिळेल त्या वाहनाने फिरले, रस्त्यावर गायले, आणि ‘रॉक सिनर्जी’ या गटाबरोबर त्यांनी ध्वनिमुद्रणही केले. परत आल्यावर त्यांनी मुंबईत बस्तान न बसवता शिवोली गाठली. शापोरा नदीकाठच्या या गावात २४ जूनला सांजांवच्या सणाला सजवलेल्या होड्या जमतात. आल्बमच्या निर्मितीत हा परतण्याचा निर्णय कोणत्याही यंत्राइतकाच महत्त्वाचा आहे.

ध्वनिमुद्रण : चार-ट्रॅकचे कॅसेट यंत्र जपानी टीअ‍ॅक कंपनीने १९७९ मध्ये ‘पोर्टास्टुडिओ’ या नावाने बाजारात आणले. साध्या कॅसेटच्या फितीवर चार पट्टे असतात, दोन एका बाजूचे आणि दोन दुसऱ्या बाजूचे. या यंत्रात चारही पट्टे एकाच दिशेने वापरले जातात आणि फीत नेहमीच्या दुप्पट वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ९.५ सेंटिमीटर, फिरते. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये त्यामुळे पंधराच मिनिटांचे काम बसते. एका पट्ट्यावर गिटार घ्यायची, ती कानात ऐकत दुसऱ्यावर बेस, तिसऱ्यावर ताल. हे तिन्ही मिसळून चौथ्यावर उतरवले, की पहिले तीन पट्टे गायनासाठी व इतर वाद्यांसाठी पुन्हा मोकळे होतात.

सोय मोठी, पण किंमतही मोठी. एकदा मिसळलेले वेगळे करता येत नाही. बेस किंचित मोठा राहिला तर तो तसाच राहतो. प्रत्येक उतरवणीत फितीची खरखर वाढते आणि आवाजाची धार बोथट होते. म्हणून अशा यंत्रावर काम करणाऱ्याला पूर्ण गाणे आधी डोक्यात ऐकू यावे लागते : कोणता सूर कुठे येणार, कुठे जागा सोडायची, शेवटचा आवाज कोणता. स्टुडिओत अनेक वादक समोर बसवून जे निर्णय चर्चेने, चुकतमाकत घेतले जातात, ते इथे एकट्याने आणि आधीच घ्यायचे असतात. ‘गोवन क्रेझी’ची खरी कारागिरी इथे आहे. गिटार, तालवाद्ये आणि स्वतःच्याच आवाजाचे एकावर एक चढवलेले थर यांतून एका माणसाने बँडचा आभास उभा केला आहे. मात्र बँडमध्ये जी ओढाताण असते, एकाने पुढे धावायचे आणि दुसऱ्याने आवरायचे, ती यात मिळणार नाही. तिच्या जागी एका मनाची सलगता मिळते. ड्रमच्या दणदणाटाची सवय असलेल्या कानाला हा नाद पहिल्यांदा पातळ वाटतो. दुसऱ्यांदा ऐकताना मात्र त्याच्या पातळपणामुळेच शब्द स्पष्ट पोहोचतात, हे कळते.

जगात याची तुलना दोन आल्बमांशी करता येते. पॉल मॅकार्टनी यांनी बीटल्स फुटण्याच्या सुमारास ‘मॅकार्टनी’ (१९७०) हा आल्बम बराचसा घरी, चार-ट्रॅकच्या यंत्रावर, सगळी वाद्ये स्वतः वाजवून केला. ब्रूस स्प्रिंगस्टीन यांचा ‘नेब्रास्का’ (१९८२) तर न्यू जर्सीतल्या घरी पोर्टास्टुडिओवरच मुद्रित झाला होता. दोन्ही कलावंत तोवर जगप्रसिद्ध होते, दोघांच्या पाठीशी मोठ्या कंपन्या होत्या. घरचे ध्वनिमुद्रण ही त्यांची निवड होती. फर्नांडिस यांच्यापुढे दुसरा मार्ग फारसा नव्हता. इंग्रजीत गाणारा, स्वतःची गाणी लिहिणारा, मुंबईबाहेर राहणारा भारतीय गायक त्या वेळच्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या हिशेबात बसत नव्हता.

शैली : १९८० नंतर ब्रिटन-अमेरिकेत सिंथेसायझरच्या लाटेला उत्तर म्हणून गिटारवर उभ्या असलेल्या पॉपची एक नवी फळी आली. अ‍ॅझ्टेक कॅमेरा आणि आर. ई. एम. यांचे पहिले आल्बम १९८३ चे, द स्मिथ्स यांचा आणि लॉइड कोल अँड द कमोशन्स यांचा १९८४ चा. पहिल्या आल्बमचे एक सामर्थ्य या सगळ्यांत दिसते : कलावंताने आयुष्यभर साठवलेले त्यात येते, तर दुसऱ्याला वर्ष-दोन वर्षांत जमवलेल्यावर भागवावे लागते. ‘गोवन क्रेझी’ याच वर्षांतला असला तरी त्या फळीचा नव्हे. त्याची मुळे साठच्या दशकातल्या सुरेल गाण्यात आहेत. पण पहिलेपणाचे सामर्थ्य त्यात पुरेपूर आहे. तिशीच्या उंबरठ्यापर्यंत अनेक देशांत, अनेक भाषांत ऐकलेले आणि स्वतःत मुरवलेले संगीत घेऊन माणूस घरी बसला, की काय निघते ते इथे ऐकायला मिळते.

या गाण्यांची इंग्रजी लंडनची किंवा न्यूयॉर्कची नक्कल करत नाही. बोलण्याचा हेल गोव्याचा, विषय आजूबाजूचे. टेलिफोन खात्याचा कारभार, पुढारी, गावातली माणसे हे गाण्याचे विषय होऊ शकतात, हे फर्नांडिस यांनी त्या दशकातल्या आपल्या गाण्यांतून दाखवले. पुढे पंतप्रधान राजीव गांधी यांच्यासमोरच त्यांना उद्देशून लिहिलेले ‘हॅलो राजीव गांधी’ हे गाणे त्यांनी गायले. त्या धीटपणाची तयारी शिवोलीच्या घरात झालेली होती. इंग्रजी गाणे म्हणजे परक्याच्या प्रेमाची, परक्याच्या रस्त्यांची गाणी, ही समजूत मुंबईच्या बीट गटांनी फारशी मोडली नव्हती. ती मोडण्यात या आल्बमचा वाटा मोठा आहे.

वितरण : फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये आणलेली कॅसेट भारतात ऐंशीच्या दशकात घरोघर पोहोचली आणि ग्रामोफोन कंपनीची मक्तेदारी ढासळू लागली. तबकडी काढायची तर कारखाना लागे, ठरावीक संख्येची मागणी लागे. कॅसेटच्या प्रती मात्र थोड्या भांडवलात, थोड्या संख्येने काढता येत. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या टी-सीरिजचा उदय याच बदलावर झाला. उत्तर भारतातली भजने आणि बोलीभाषांतली गाणी या मार्गाने कशी वर आली, हे पीटर मॅन्युएल यांनी ‘कॅसेट कल्चर’ (१९९३) या ग्रंथात तपशिलाने मांडले आहे. त्याच तंत्राने पश्चिम किनाऱ्यावर एका इंग्रजी गायकाला स्वतःचा प्रकाशक होता आले, ही या इतिहासाची दुसरी बाजू. फर्नांडिस स्कूटरवरून गोव्यातल्या दुकानांत कॅसेटी नेऊन देत. जाहिरात तोंडोतोंडी झाली.

नंतरचा काळ : ‘ओल्ड गोवन गोल्ड’ (१९८५), अमली पदार्थांविरुद्ध बोलणारा ‘पॅक दॅट स्मॅक’ (१९८६) आणि ‘बॉम्बे सिटी’ (१९८७) हे आल्बम पाठोपाठ आले. कंपन्यांची जी दारे आधी बंद होती ती आता उघडली आणि सीबीएस या कंपनीने त्यांना करारबद्ध केले. श्याम बेनेगल यांच्या, गोव्यातल्या एका जुन्या घराण्यावरील ‘त्रिकाल’ (१९८५) या चित्रपटात फर्नांडिस यांचा आवाज आहे. ‘जलवा’ (१९८७) पासून हिंदी श्रोता त्यांना ओळखू लागला आणि ए. आर. रहमान यांनी संगीत दिलेल्या ‘बॉम्बे’ (१९९५) मधील ‘हम्मा हम्मा’मुळे ते देशभर पोहोचले. रंगमंचासाठी त्यांनी ‘मायक्रोवेव्ह पापडम्स’ हा बँड बांधला. २००७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे आत्मचरित्र २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले.

मूल्यमापन : मुंबईच्या ‘रॉक मशीन’ या गटाचा (पुढे ‘इंडस क्रीड’) पहिला आल्बम ‘रॉक एन रोल रेनिगेड’ १९८८ मध्ये आला. पूर्ण बँड आणि जोरकस नाद या दृष्टीने तो आल्बम वरचढ आहे. स्वतःच्या जागेचे गाणे म्हणून ‘गोवन क्रेझी’ चार वर्षे आधीचा आणि अधिक अस्सल आहे. मराठीत रॉकचा आवाज त्याआधी नाटकातून आला होता : पु. ल. देशपांडे यांच्या ‘तीन पैशाचा तमाशा’तून (१९७८), नंदू भेंडे यांच्या गळ्यातून. त्यातून मराठीत गिटारवर स्वतःची गाणी गाणाऱ्यांची परंपरा मात्र त्या दशकात उभी राहिली नाही, ही हळहळ वाटण्यासारखी गोष्ट आहे.

१९८४ नंतरच्या काही वर्षांत गोव्यात कोकणी-मराठीचा राजभाषावाद पेटला. १९८७ मध्ये राजभाषा कायदा झाला आणि त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा घटक राज्य बनला. या धामधुमीत गोव्याच्या मातीतल्या इंग्रजी गाण्याला कोणत्याच भाषेच्या इतिहासात हक्काची जागा मिळाली नाही. कोकणी गीतांच्या परंपरेत हा आल्बम बसत नाही, मराठीत बसण्याचा प्रश्नच नाही, आणि हिंदी श्रोत्यांसाठी रेमो फर्नांडिस म्हणजे ‘हम्मा हम्मा’चे गायक. त्यामुळे त्यांच्या नावावरचे सर्वांत धाडसी काम सर्वांत कमी ऐकले गेले. चित्रपटगीतांपेक्षा या घरगुती आल्बमातच त्यांची प्रतिभा अधिक मोकळी दिसते. त्यांची ओळख करून घ्यायची तर सुरुवात इथूनच करावी.

कॅसेटच्या फितीवरील चुंबकीय थर काही दशकांत झिजतो, दमट किनारी हवेत तिला बुरशीही लवकर धरते. १९८४ मधली मूळ कॅसेट ज्यांच्या घरी असेल त्यांनी ती जुन्या टेपरेकॉर्डरवर सहज म्हणून लावू नये. फितीमागचा दाबपट्टा शाबूत आहे का ते पाहून, यंत्राचे हेड स्वच्छ करून, आधी तिची डिजिटल प्रत जाणकाराकडून करून घ्यावी आणि वेष्टनाचा कागदही जपून ठेवावा.