कॅलिपर वापरणाऱ्याला कुणी विचारलं का?

पीएचडीची तयारी सुरू केली की एक सल्ला हमखास मिळतो : "आधी एखादी प्रमाणित प्रश्नावली शोधा." सल्ला चांगला आहे. पण प्रत्येक प्रश्नावली कुठेतरी, कुणासाठी तरी तयार झालेली असते, आणि तो इतिहास माहीत नसेल तर मोजमापात गडबड होते. आज हे कॅलिपरच्या उदाहरणावरून बघू.

कॅलिपरचं शास्त्रीय नाव ऑर्थोसिस. कृत्रिम पाय गेलेल्या पायाच्या जागी बसतो. ऑर्थोसिस असलेल्या पण कमजोर पायाला आधार देतो. जुना कॅलिपर तुम्ही पाहिला असेल : दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या, चामड्याचे पट्टे, खाली बूट आणि गुडघ्याशी कडी. कडी खाली सरकवली की गुडघा ताठ राहतो आणि उभं राहता येतं. बसायचं असेल तर ती वर ओढायची. आपल्याकडे वर्षानुवर्षं कॅलिपर वापरणाऱ्यांमध्ये पोलिओ झालेल्यांची पिढी मोठी आहे, म्हणून गोष्ट तिथूनच सुरू करावी लागते.

फातिमा इस्माईल यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. उपचारांसाठी त्यांना किती वणवण करावी लागली, त्यातून १९४७ मध्ये मुंबईत पोलिओच्या मुलांसाठी दवाखाना उभा राहिला. १९४९ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं पोलिओ संशोधन केंद्रही मुंबईतच सुरू झालं. १९५५ मध्ये हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आली. आपल्या शहरातलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आपली 'घाटी', १९५६ चं. थोडक्यात, मुलांना उभं करण्याची व्यवस्था याच काळात आकार घेत होती.

आता संशोधकाच्या नजरेनं विचारा : उपचाराचा उपयोग झाला, हे ठरवायचं कसं?

पहिली पद्धत हाताची. तपासणारा स्नायूवर दाब देतो आणि ० ते ५ मध्ये श्रेणी देतो. ही श्रेणी १९४३ मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं युद्धातल्या मज्जातंतूंच्या जखमांसाठी प्रसिद्ध केली आणि आजही वापरात आहे. ती पायाबद्दल सांगते, पण त्या पायाच्या माणसाचा दिवस कसा जातो, हे तिच्यातून कळत नाही.

दुसरी पद्धत डोळ्यांची. पोलिओचे बरेच रुग्ण दवाखान्याच्या नोंदीत येतच नव्हते. म्हणून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला देशात लंगडेपणाची सर्वेक्षणं झाली. मुलं चालताना कशी दिसतात यावरून पोलिओचा अंदाज बांधला गेला. प्रश्न लसीकरणाचा होता आणि त्यासाठी ही पद्धत योग्यच होती. त्या आकड्यांमुळे रोगाचा खरा आवाका समजला. पण त्यात मूल मोजलं गेलं, त्याला काही विचारलं गेलं नाही.

तिसरी पद्धत विचारण्याची. हिला रुग्णाने स्वतः सांगितलेले परिणाम म्हणतात. अमेरिकेत १९९२ मध्ये एसएफ-३६ ही सर्वसाधारण आरोग्याची प्रश्नावली प्रसिद्ध झाली. २००३ मध्ये ऑर्थोसिस आणि कृत्रिम अवयव वापरणाऱ्यांसाठी ओपस ही खास प्रश्नावली आली. पुढे कृत्रिम पाय वापरणाऱ्यांच्या हालचालीसाठी प्लस-एम तयार झाली. ऑर्थोसिसवाल्यांच्या हालचालीसाठी तशी वेगळी मोजपट्टी बनवण्याचं काम मात्र अलीकडचं. म्हणजे इथेही ही माणसं रांगेत मागेच होती.

आता ओपसमधले प्रश्न बघा. सरकत्या जिन्यावर चढता-उतरता येतं का? मोटारीत बसता-उतरता येतं का? खडबडीत जमिनीवर चालणं आणि जमिनीवरून उठणं हेही त्यात आहे, ते आपल्या कामाचं. पण पैठण किंवा कन्नडच्या एखाद्या बाईला सरकत्या जिन्याबद्दल विचारून काय कळणार? तिचे प्रश्न वेगळे असतील. एसटीच्या पहिल्या उंच पायरीचं काय? शेताचा बांध ओलांडता येतो का? उकिडवं बसता येतं का? देवळाबाहेर चपला काढायच्या असतात, पण बूट कॅलिपरलाच जोडलेला असेल तर आत जायचं कसं? एसएफ-३६ मध्ये चालण्याचं अंतर 'ब्लॉक'मध्ये विचारलं जातं. 'ब्लॉक'चं मराठी करायला बसलात की अडचण लगेच लक्षात येते. शब्द बदलता येतो, पण त्यामागचं शहर बदलता येत नाही.

म्हणून नुसतं भाषांतर पुरत नाही. मराठीत आणा, दुसऱ्याकडून उलट भाषांतर करून घ्या, हे झालंच. त्यानंतर पाच-दहा वापरणाऱ्यांसमोर प्रश्न ठेवा आणि "यातून तुम्हाला काय समजलं?" एवढंच विचारा. उत्तराआधी समज तपासायची. जो प्रश्न त्यांच्या आयुष्यातच नाही, त्याचं 'जमत नाही' हे उत्तर अपंगत्व दाखवत नाही. पण तुमच्या तक्त्यात ते अपंगत्व म्हणूनच मोजलं जाईल.

नमुना निवडतानाही एक सापळा आहे. कार्यशाळेत दुरुस्तीला येणारेच घेतले, तर कॅलिपर वापरणारेच भेटतील. ज्यांनी तो जड होतो, घासतो, साडीत अडकतो म्हणून माळ्यावर टाकला, ते यादीत येणारच नाहीत. मग निष्कर्ष निघेल की लोक समाधानी आहेत! सोडून दिलेल्यांना शोधणं कष्टाचं आहे, पण उपकरणाबद्दल सर्वांत जास्त तेच सांगू शकतील.

आणि यात घाई आहे. भारतातला नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात आढळला. २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त प्रमाणित झाला. ही अभिमानाचीच गोष्ट. पण त्याआधी पोलिओ झालेली मुलं आज मध्यमवयीन किंवा वृद्ध आहेत. काहींना इतक्या वर्षांनी नव्याने अशक्तपणा जाणवतो. त्याला पोस्ट-पोलिओ सिंड्रोम म्हणतात. चाळीस-पन्नास वर्षं कॅलिपरवर चालण्याचा अनुभव याच पिढीकडे आहे आणि तो कुठल्याही स्नायूश्रेणीत नोंदलेला नाही.

विषय शोधत असाल तर प्रश्नावली डाउनलोड करण्याआधी असा एखादा माणूस शोधा. सकाळी कॅलिपर चढवल्यापासून रात्री काढेपर्यंतचा दिवस त्यांना सांगू द्या. मग प्रश्नावली उघडा आणि त्या दिवसातलं काय काय तिच्यात नाही, याची यादी करा. तुमच्या संशोधनाचा पहिला आराखडा त्या यादीतच सापडेल.